रोकोकोची चौकट घडवण्याआधी

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

चौकटीचं रेखाटन मिळालं. शिंपले, पानं, फुलं सगळं आहे, रेषही स्वच्छ आहे. तरी ते रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या वळणदार, दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या सजावटीच्या शैलीतलं, झालेलं नाही, कारण डावी बाजू काढून ट्रेसिंग पेपर उलटा केलाय आणि उजवी तशीच छापलीय. त्यामुळे चौकट सजली, पण हलत नाही.

हे नाव ज्या ‘रोकाय’ शब्दावरून आलं, तो बागांमधल्या कृत्रिम गुहांना खडे-शिंपले लावून करायच्या सजावटीचा. शिंपल्याचा काठ आठव: पन्हाळीदार, मध्येच चिरलेला, एका बाजूला जाड तर दुसरीकडे कागदासारखा पातळ. 1730 च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूस्त-ओरेल मेसोनिएसारख्या कलावंतांनी नक्षीच्या आराखड्यांत या काठालाच चौकट केलं. त्याआधीच्या बरोक शैलीच्या कामात नक्षी बहुधा चौकटीवर बसते. इथे नक्षी काढून घेतली तर चौकटच उरत नाही. हे कळलं की अर्धं काम झालं.

म्हणून नमुने बघताना गुलाबी-निळ्या रंगांवर फार वेळ घालवू नकोस. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे बघ. पॅरिसच्या ओतेल द सूबीज या जुन्या सरदारी वाड्यात जर्मां बोफ्राँने रचलेलं राजकुमारीचं लंबगोल दालन आहे. तिथे नात्वारने रंगवलेली ग्रीक-रोमन पुराणातल्या सायकीच्या कथेची आठ चित्रं वळणदार चौकटींत भिंतीच्या माथ्यावर बसवली आहेत. त्यामुळे भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं, हे एका सरळ रेषेत सांगताच येत नाही. एक मात्र लक्षात घे: पॅरिसच्या अशा दालनांत भिंतीवरचं एकेक पटल बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. खरी मोकळीक बघायची तर जर्मनीतल्या बव्हेरियात, डोमिनिकुस आणि योहान बाप्टिस्ट या त्सिमरमान बंधूंनी ‘वीस’ (Wies) नावाच्या वाडीत घडवलेल्या चर्चमध्ये (1745–54). तिथल्या गिलाव्याच्या कडा चित्रित छतावर अक्षरशः चढून जातात.

आता कागदावर. आधी मधली उभी रेषा आणि बाहेरचा लंबगोल फिकट काढ. त्यावर फक्त ‘सी’ आणि ‘एस’ आकाराची वळणं ठेव, पाच-सहा पुरेत. दोन वळणं एकमेकांत गुळगुळीत मिसळू देऊ नकोस. जिथे ती भेटतात तिथे एक थांबतं, दुसरं त्याच्या पाठीवरून उलट दिशेला निघतं, आणि तो सांधा पान किंवा शिंपला झाकतो. प्रत्येक वळण पोटात जाड आणि टोकाला बारीक हवं. सगळीकडे सारखी जाडी ठेवलीस तर लोखंडी जाळी दिसेल. डावीकडे वर मोठा शिंपला आला तर उजवीकडे खाली त्याला तोलणारं वजन दे, पण वेगळ्या आकाराचं. आणि मधली जागा रिकामी सोड. तुझ्या रेखाटनात तिथे गुलाब भरलेत, ते काढून टाक.

घडवायला प्लास्टर ऑफ पॅरिस चालेल. बव्हेरियातल्या वेसोब्रुनच्या कारागिरांचा माल चुना, जिप्सम आणि वाळूचा असे; तो सावकाश घट्ट होतो, तुझा झटपट होईल. म्हणून एका वेळी 200 ग्रॅमच कालव. 130 मिलिलिटर पाण्यात पावडर चाळून सोड, पावडरीत पाणी ओतू नकोस. मिनिट-दोन मिनिटं भिजू दे, मग हळू ढवळ. जोरात ढवळलं की बुडबुडे राहतात. पाण्यात सरसाचे थोडे थेंब आधीच घातलेस तर हाताला जास्त वेळ मिळेल. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालायचं नाही. तो मऊ होतो, पण धरत आलेले स्फटिक मोडलेले असतात, वाळल्यावर नखाने खरवडला जातो.

नवा थर देण्याआधी जुना थर आडवातिडवा ओरखडून ओला कर. कोरडं प्लास्टर नव्यातलं पाणी शोषून घेतं आणि पापुद्रा सुटतो. शिंपल्याची टोकं गळून पडतात ती बहुतेक यानेच. दोन सेंटिमीटरहून जास्त उठाव असेल तिथे आत पितळी खिळे आणि तांब्याची तार दे. साधा लोखंडी खिळा गंजतो आणि तांबूस डाग पार वरपर्यंत येतो.

सोन्याचा वर्ख सर्वात शेवटी, आणि फक्त उंचावलेल्या कडांवर. खोलगट भाग पांढरा राहिला तरच कड उजळते. वर्खाखालचं प्लास्टर पूर्ण सुकलेलं आणि लाखेच्या पातळ हाताने बंद केलेलं हवं, नाहीतर चिकटद्रव्य आत मुरतं आणि वर्ख ठिकठिकाणी निस्तेज पडतो.

पुढच्या वेळी वर्ख न लावलेली पांढरी चौकटच दाखव. खोलीत अंधार कर, एकच दिवा बाजूला, चौकटीच्या जवळजवळ पातळीत ठेव आणि फोटो काढ. त्या तिरप्या उजेडात कुठलं वळण उगाच गुळगुळीत झालंय ते मला दिसेल, तुलाही दिसेल.