साताऱ्याला जाताना लिंबला थांबच

पहिल्यांदाच गाडी घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालायस, तर सगळा वेळ हायवेवरच्या मिसळीत घालवू नकोस. आनेवाडी टोलनाका ओलांडल्यावर लिंब फाट्याला आत वळ आणि बारा मोटेची विहीर बघ (मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची पिशवी). छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या राजपरिवारातल्या वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. पायऱ्या उतरून सरळ पाण्याकडे धावू नकोस. आधी भिंतीतला शिलालेख आणि शरभशिल्पं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, नीट बघ. मग वर छोट्या महालात जा. विहिरीच्या पोटात अशी बसायची जागा, माझ्या मते साताऱ्याच्या वाटेवरचा याहून सुंदर थांबा नाही! काठावर एकेका मोटेसाठी घडवलेल्या दगडी जागा आहेत, तिथं कठडा नसतो; पोरं सोबत असतील तर हात धर. दुपारच्या आधीच पोच.