‘मी काही खातच नाही, तरी वजन का वाढतंय?’

सोलापुरात आहार समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न मला सतत, आणि बहुतेक वेळा त्याच शब्दांत, ऐकायला मिळतो: ‘मॅडम, मी काही खातच नाही बघा, तरी वजन वाढतंय आणि अंगात त्राण म्हणून राहिलेलं नाही.’ गेल्या उन्हाळ्यात पूर्व भागातल्या एक विडी कामगार महिला हेच गाऱ्हाणे घेऊन आल्या. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी बदलले आहेत. वय ४२, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. एक जिना चढून आल्यावर बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांना बराच वेळ दम घ्यावा लागला, ही गोष्ट मला वजनाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटली.

शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी चार महिन्यांपूर्वी भाकरी आणि भात जवळजवळ सोडला होता. तरीही वजन दोन किलोंनी वाढल्यामुळे घरचे लोक ‘लपून खात असशील’ असे म्हणू लागले होते, आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. अशा वेळी समोरची व्यक्ती खोटे बोलते आहे असे गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते. त्या खरेच सांगत होत्या. फक्त ‘खाणे’ म्हणजे ताट वाढून बसणे, एवढाच त्यांचा अर्थ होता. पहाटे पाचला चहा, मांडीवर पाने-तंबाखूचे सूप (सुपडे) घेऊन विड्या वळायला बसल्यावर पुन्हा चहा आणि खारी, दुपारी तीनला थोडी भाजी आणि अर्धी भाकरी खाऊन लगेच चहा, संध्याकाळी विड्या देऊन आल्यावर पोटात आग पडलेली असताना हाताला लागेल ते फरसाण आणि त्याबरोबर चहा. हे सगळे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते.

मी त्यांना आहाराचा तक्ता दिला नाही. एक रिकामा डबा घ्या, आणि प्रत्येक वेळी कपात जेवढी साखर घालाल तेवढीच त्या डब्यातही टाका, एवढेच सांगितले. आठ दिवसांनी त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि झाकण उघडले. आम्ही ती साखर वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा सात दिवसांची मिळून ४२० ग्रॅम भरली. त्या काट्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘एवढी साखर माझ्या पोटात गेली? जेवण तर एवढंसं होतं की.’

दिवसाला ६० ग्रॅम साखर म्हणजे सुमारे २४० कॅलरी. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७० कॅलरी असतात, शिवाय तंतुमय पदार्थ, थोडी प्रथिने आणि लोह मिळते, आणि पोट काही तास शांत राहते. साखरेतून यांपैकी काहीच मिळत नाही. खारी मैद्याची आणि खूप तुपकट, फरसाण तळलेले, आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त. आपल्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या ज्वारीवर कष्ट केले, तिलाच वजनवाढीचे कारण ठरवून ताटातून काढले जाते आणि खारी मात्र जागेवर राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

थकव्याचा उलगडा मात्र साखरेने होत नव्हता, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉइडची तपासणी व्यवस्थित आली, पण हिमोग्लोबिन ८.६ निघाले, गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते किमान १२ असावे लागते. पाळीत जास्त रक्तस्राव होत असल्याचे त्यांनी आजवर कुणालाच सांगितले नव्हते. त्याचे उपचार आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या होत्या, त्यामुळे ‘वजन जास्त, म्हणजे अंगात रक्त भरपूर’ हा समज सोडलेलाच बरा. जेवणाला लागून घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे भाजी-भाकरीतले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून जेवण किंवा गोळी आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवायचे, आणि पालेभाजीवर, आमटीवर लिंबू पिळायचे, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.

बाकीचे बदल त्यांनीच सुचवले. सकाळी नऊला, सूप मांडीवर घेण्याआधी हात स्वच्छ धुऊन, एक भाकरी आणि मटकीची उसळ किंवा मेथी. दुपारचे जेवण एक वाजता. चहा दोनच वेळा, एक चमचा साखरेचा. शेंगा चटणी बंद करावी लागेल का, हे विचारताना त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असली तरी ५६० च्या आसपास कॅलरीही असतात, तेव्हा दोन चमचे चटणी घ्या, पण वरून तेल ओतू नका, असे मी सांगितले. चहा कमी केल्यावर पहिला आठवडा डोके दुखण्यात गेला. फरसाण मात्र आठवड्यातून दोनदा अजूनही होते, आणि त्यासाठी मी त्यांच्यामागे लागले नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झाले होते आणि वजन ६८ किलो. त्या दिवशी त्या स्वतःविषयी फार बोलल्या नाहीत. सोबत कॉलेजला जाणारी मुलगी होती. ती रोज सकाळी चपाती चहात बुडवून खाऊन घराबाहेर पडते आणि दुपारपर्यंत तिला गरगरते, असे सांगून त्यांनी मुलीचा रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. त्यातल्या हिमोग्लोबिनच्या आकड्याखाली त्यांनी आधीच पेनने रेघ ओढली होती.