ऑफिस आणि कालव्याकाठचा मुरूम, दोन्हींना चालेल अशी सायकल

प्रिय मुली,

तू पाठवलेल्या चारही सायकली पाहिल्या. चारहींच्या नावात ‘वुमेन्स’ आहे, दोन जांभळ्या आहेत आणि टायरची रुंदी एकीचीही लिहिलेली नाहीस. म्हणून आधी टायर.

आठवडाभर तुला हडपसरचं डांबर आणि सिमेंट. रविवारी मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं लोणी काळभोरकडे. हा कालवा खडकवासल्याहून निघून इंदापूरकडे जातो, पण आपल्या कामाचा त्याच्या कडेचा मुरूम. कोरडा असला की बारीक खड्यांवरून चाक सरकतं, पावसात त्याचाच चिखल होतो. रोड बाइकचं 25-28 मिलिमीटरचं टायर तिथं हँडल हातातून ओढून घेतं. आणि एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं, जाड गुट्ट्यांचं टायर ऑफिसच्या रस्त्यावर घूं-घूं करत तुला फुकट दमवतं. तुला 38 ते 42 मिलिमीटर हवं, मधे जवळजवळ गुळगुळीत, कडेला थोडी नक्षी. रुंदी टायरच्या बाजूवर छापलेली असते, 700 × 38 अशी; 700 हे चाकाचं माप, 38 ही रुंदी. ती स्वतः वाच. टायर आणि फोर्क, म्हणजे चाक धरणारा पुढचा चिमटा, यांच्यामध्ये करंगळी सहज जाते का तेही बघ. नाही गेली तर मडगार्ड बसणार नाही आणि चिखल आत अडकून बसेल.

तू हलकी आहेस, तेव्हा 40-45 पीएसआय हवा पुरे. पंक्चरवाले दादा कॉम्प्रेसर लावून टम्म करतात, त्यांना थांबव. टायरवरचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तितकी भरायची नसते. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल, तर त्याचं पितळी अडॅप्टर बॅगेत ठेव, नाहीतर रस्त्यावरच्या दुकानात हवाच भरता येणार नाही. कालव्याकाठी बाभळी आहेत, त्यामुळे एक ट्यूब आणि छोटा पंपही कायम जवळ.

आता बायकांच्या सायकलीचं. यावर मोठ्या कंपन्यांचंच एकमत नाही. जायंटनं 2008 मध्ये लिव्ह हा खास बायकांसाठीचा ब्रँड काढला आणि ते फ्रेमही वेगळ्या मापानं बनवतात. उलट स्पेशलाइज्डनं 2012 मध्ये रेटुल ही शरीराच्या मापानं सायकल जुळवून देणारी कंपनी घेतली आणि सायकलस्वारांची ढीगभर मापं तपासून निष्कर्ष काढला, की बायका-पुरुषांत जितका फरक आहे त्याहून जास्त दोन बायकांत असतो. मला हेच पटतं. तुझी उंची पाच फूट एक इंच, तुझ्या मैत्रिणीची पाच-सात. एकाच ‘लेडीज’ फ्रेमवर दोघी कशा बसणार? म्हणून नाव सोड आणि शरीर सायकलला जिथं टेकतं तिथं बघ.

सर्वांत आधी सीट. दुकानात अंगठ्यानं दाबून मऊ लागणारी जेलची सीट हमखास विकली जाते, आणि तासाभरानं तीच छळते, कारण हाडं आत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. घरी खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा पायरीवर ठेव, त्यावर बस, गुडघे जरा वर घे आणि उठ. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोज आणि 20-30 मिळव, साधारण तितकी रुंद सीट बघ. बसणं जितकं ताठ, तितकी सीट रुंद. मधे फट असलेली मिळाली तर उत्तम. मुंग्या आल्या तर ‘होईल सवय’ म्हणून सोसायचं नाही, सीट बदलायची.

मग ब्रेक. हँडल धरलंस की तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरवर आरामात अडकलं पाहिजे. लहान हातांना लिव्हर लांब पडतो आणि कालव्यावरून उतरताना घाबरून मूठच सुटते. बहुतेक लिव्हरना आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. दुकानदार आपणहून क्वचितच करून देतो, तू सांगून करून घे. ब्रेक डिस्कचेच घे, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये मुरमाचा चिखल रिम खाऊन टाकतो. केबलवाला डिस्क कोणताही मिस्त्री दुरुस्त करेल. हायड्रॉलिक बोटांना हलका पडतो, पण त्याला जाणकार लागतो.

तुझ्या उंचीला एक गोष्ट खास तपासायची. छोट्या फ्रेमला 700 चं मोठं चाक असलं की सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. वेगात हँडल तितकं वळतच नाही, पण मुरमात यू-टर्न घेताना हमखास पाडतं. सीटवर बस, पेडल पुढे आडवं आण, हँडल वळव आणि बघ. लागत असेल तर त्याच प्रकारात 650बी, म्हणजे जरा लहान चाकाची सायकल आहे का विचार.

तुझ्या यादीतली, वरची नळी खाली उतरलेली फ्रेम मला आवडली. कुर्ता घालून, मागे ऑफिसची बॅग बांधून चढा-उतरायला ती खरंच सोयीची. मात्र तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि ती खांद्यावर नीट बसत नाही, तेव्हा तू ठरव.

शॉकअपवाली सायकल मात्र नको. या किमतीत पुढे वजनदार स्प्रिंग मिळते, बाकी काही नाही. मुरमाला रुंद टायर आणि कमी हवा पुरते. गिअर किती यापेक्षा सर्वांत हलका बघ. पुढची चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दाते जवळपास सारखे असतील तर दिवे घाटही पार होईल.

हेल्मेट, लाइट आणि कुलूप यांचे पैसे आधीच वेगळे काढ. दुकानात ऑफिसचेच बूट घालून, बॅग पाठीला लावून जा, आणि पार्किंगमधल्या एका गोल चकरीवर समाधान मानू नकोस. एखादा चढ आणि थोडी खडी मिळेल असा रस्ता माग. बिल करण्याआधी सीट फरकाचे पैसे घेऊन बदलून देतात का, हेही विचारून घे.

तुझी,
मावशी