लिंबू-मिरचीचा दोरा आणि परित्राणाचा दोरा

मस्कत

प्रिय मनू,

जयभीम.

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. काकाच्या कोल्हापुरातल्या कळंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये रविवारी परित्राण पाठ आहे, म्हणजे रक्षणासाठी बुद्धवचनांचं पठण. काकूच्या आईनं दाराला लिंबू-मिरची लावली, तेव्हा आजी म्हणाली, "आपल्यात हे चालत न्हाई." आणि तीच आजी रविवारी भन्तेजींकडून, म्हणजे बौद्ध भिक्खूंकडून, मनगटाला पांढरा दोरा बांधून घेणार. "एक दोरा अंधश्रद्धा आणि दुसरा श्रद्धा, हे कुणी ठरवलं?" असं तू विचारलंस. त्यात रविवारी अमावस्या, म्हणून शेजारच्या मावशी तारीख बदला म्हणून मागं लागल्यात.

आधी तो पांढरा दोरा कसा धरतात ते नीट बघ. चौरंगावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. समोर तांब्यात पिण्याचं पाणी आणि पिंपळाची पानं. दोऱ्याचं एक टोक मूर्तीपाशी, मग तांब्याच्या गळ्याला तीन वेढे, तिथून भन्तेजींच्या हातात आणि पुढं बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून शेवटच्या माणसापर्यंत. पंचवीस माणसं असतील तर वीस मीटर दोरा लागतो. माणशी दोन फूट धरायचे आणि उरलेला मूर्ती, तांब्या आणि ढिलाईसाठी. दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा असला तर गाठ सुटते आणि मेणबत्तीजवळ गेला की वितळतो. ताणून धरू नका. मधेच कुणी पाणी प्यायला उठलं की ताणलेला दोरा तांब्या कलंडवतो, म्हणून तांब्या खोलगट ताटात ठेवायचा आणि लहान मुलांना दोऱ्याच्या शेवटच्या टोकाला बसवायचं.

त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलांचा संकल्प) झालं की सगळे दोरा धरून बसतात आणि महामंगल सुत्त, रतन सुत्त, करणीय मेत्त सुत्त ही बुद्धांची प्रवचनं ऐकतात. शेवटी पिंपळाच्या पानानं पाणी शिंपडतात आणि दोऱ्याचे तुकडे करून "सब्बे बुद्धा बलप्पत्ता" ही गाथा म्हणत मनगटाला बांधतात.

आता या वेळात कानावर काय पडतं ते पाहा. महामंगल सुत्तात असं आहे: श्रावस्तीच्या जेतवन विहारात बुद्धांना विचारलं गेलं की देव आणि माणसं मंगल कशाला म्हणावं यावर खल करतात, तर उत्तम मंगल कोणतं? अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या टीकेत, म्हटलंय की तो वाद बारा वर्षं चालला होता. कुणी म्हणे चांगलं दिसलं की मंगल, कुणी म्हणे चांगलं ऐकू आलं की. उत्तरात अडतीस मंगलं सांगितली आहेत आणि त्यात मांजर, टिटवी, शिंक, डोळा लवणं यांतलं एकही नाही. मूर्खांची संगत न करणं, आईबापांची सेवा, हातात कला असणं, कामात घोळ न घालणं, दारूपासून लांब राहणं, समाधान, केलेल्या उपकाराची जाण, असं सगळं आहे. प्रत्येक गोष्ट स्वतः करायची आहे. आपोआप घडणारं त्यात काहीच नाही.

म्हणून दोन दोऱ्यांतला फरक मी असा धरतो. लिंबू-मिरचीकडून काम करून घ्यायचं असतं. ती टांगली की घरातल्यांनी पुढं काही करायचं उरत नाही, आठवड्यानं बदलली की झालं. परित्राणाचा दोरा बांधला की काम तुझ्यावर येतं.

पण इथं एक खोच आहे आणि ती लपवून उपयोग नाही. रतन सुत्ताची पहिलीच गाथा "यानीध भूतानि समागतानि" अशी आहे, म्हणजे जमलेल्या भूतांना उद्देशून. मग हे भूतबाधेचंच झालं ना, असं तू म्हणशील. पुढच्या गाथेतली ओळ ऐक: "मेत्तं करोथ मानुसिया पजाय", माणसांवर मैत्री करा. तिथं कुणाला हाकलत नाहीत, तिखट दाखवत नाहीत. त्यांनाही उपदेशच आहे. आणि परित्राणानं खरंच रक्षण होतं का, हा प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या जुन्या पाली ग्रंथात राजा मिलिंदानं भन्ते नागसेनांना विचारलाच होता. नागसेन म्हणाले, काहींचं होतं, काहींचं नाही; आड येणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे आधीचं कर्म, मनातले क्लेश आणि अश्रद्धा. मला स्वतःला यातली दुसरी गोष्ट सगळ्यात पटते. दोरा बांधून रागानं भांडायला निघालेल्या माणसाचं रक्षण कोण करणार?

पांढरा दोराही लिंबू-मिरचीसारखाच वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे तू बरोबर टिपलंस. ओळखायची खूण सोपी आहे: तो तुटल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. घाबरला, आता काय होणार म्हणाला, परीक्षेच्या आधी तुटला म्हणून रडवेला झाला, की समजायचं त्यानं दोऱ्याचा शकुन केला. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात उपासकाचे, म्हणजे गृहस्थ अनुयायाचे, पाच दोष सांगितलेत, त्यात श्रद्धा नसणं आणि शील नसणं यांच्या पंक्तीला हा बसवलाय: "मंगलं पच्चेति नो कम्मं", शकुनावर भरवसा, कर्मावर नाही. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मात्र लिंबू-मिरची शोधत बसू नकोस, नाही सापडणार. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही सहावी, पण दाराला काय टांगायचं नाही याची यादी बाबासाहेबांनी दिलेली नाही.

मेणबत्तीचंही तेच. वंदना चालू असताना ती विझली की अर्ध्या खोलीची तोंडं उतरतात. पंखा चालू असतो, दुसरं काय! आधी पंखा बंद करायचा, जाड मेणबत्ती घ्यायची, वाटीत वाळू भरून त्यात रोवायची म्हणजे मेण कापडावर सांडत नाही. पावसाळ्यात कोल्हापुरात काडेपेटी सर्दावते, लायटर जवळ ठेवा. विझलीच तर एकानं मुकाट्यानं पुन्हा लावायची. गाथा थांबवायची नाही आणि पहिल्यापासून सुरूही करायची नाही. अगरबत्ती हारापासून वीतभर लांब. तसबिरीची काच तडकली तर काच बदलायची.

फुलांबद्दल तर गाथेतच सांगून ठेवलंय. "वण्णगन्धगुणोपेतं" म्हणून फुलं वाहताना पुढं येतं, "पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल जसं कोमेजतं तसंच माझं शरीरही जाणार. कोमेजलेलं फूल अशुभ कसं ठरेल, ते कोमेजावं हे गृहीत धरूनच वाहिलंय! दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून कुंडीतल्या मातीत मिसळा. पंचगंगेत नको, तिला आधीच पुरे झालंय.

आता अमावस्या. पौर्णिमेला आपण उपोसथ, म्हणजे शीलपालनाचं व्रत, करतो हे तुला माहीत आहे, पण जुन्या विनयाप्रमाणं, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथाप्रमाणं, भिक्खूसंघ अमावस्येलाही उपोसथासाठी जमतो आणि पातिमोक्खाचं, म्हणजे आपल्या नियमांच्या यादीचं, पठण करतो. म्हणजे आपल्या परंपरेत तो वाईट दिवस नाहीच. काकानं रविवार धरला तो सुट्टी म्हणून, आणि तेवढं कारण पुरे. मावशींनी फारच धरलं तर बुद्धांच्या पूर्वजन्मकथांमधल्या नक्खत्त जातकातली गोष्ट सांग. लग्न ठरलेल्या दिवशी वराकडच्यांनी आजीवक पंथाच्या एका साधूला विचारलं. आधी आपल्याला विचारलं नाही म्हणून तो रुसलेला, त्यानं आज नक्षत्र वाईट म्हणून सांगितलं. वरात गेलीच नाही. वधूकडच्यांनी वाट पाहून मुलगी दुसरीकडं दिली. त्यावरची गाथा आहे, "अत्थो अत्थस्स नक्खत्तं, किं करिस्सन्ति तारका": काम हेच कामाचं नक्षत्र, तारे काय करणार? मात्र हे हसत सांग. त्या मावशींना कमी लेखायला ही गोष्ट नाही.

तसं का म्हणतो ते विनयातल्या शिंकेवरून कळेल. उपदेश करताना बुद्धांना शिंक आली, भिक्खूंनी "जीवतु भन्ते" असा एवढा गलका केला की उपदेश थांबला. बुद्धांनी विचारलं, असं म्हटल्यानं कुणी जगतं किंवा मरतं का? नाही, म्हणाले. मग असं म्हणू नका. पुढं भिक्खूंना शिंक आली की गावकरी "जीवा भन्ते" म्हणत आणि भिक्खू नियम पाळून गप्प बसत. गावकऱ्यांना ते तुसडेपणाचं वाटलं. तेव्हा बुद्ध म्हणाले, गृहस्थांना मंगलाची आवड असते, त्यांनी म्हटलं तर "चिरं जीव" म्हणत जा. शकुन खोटा, पण समोरच्याचं प्रेम खोटं नाही. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखातही असाच सूर आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलं करतात, ती करावीत पण त्यांचं फळ थोडं, असं म्हणून तो दास-नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम आणि दान याला धम्ममंगल म्हणतो. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ सापडलाय.

कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला घालायच्या हाराचंही तू विचारलंस. तो पुतळा 9 डिसेंबर 1950 ला, ते हयात असताना बसला. त्याच्या वर्षभर आधी, 25 नोव्हेंबर 1949 ला, त्यांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच हार घालायचा. "पूजा च पूजनीयानं" हेही त्या अडतिसांतलं एक मंगल आहे, पण त्याच सुत्तात "बाहुसच्चं", म्हणजे भरपूर शिकलेलं असणं, हेही आहे. हार घालून घरी येऊन पुस्तक न उघडणाऱ्याला मी अर्धीच पूजा झाली म्हणेन.

दाराची लिंबू-मिरची तू काढू नकोस. ती काकूच्या आईनं लेकीच्या काळजीपोटी लावलीय. काढायची की नाही ते काका-काकूंनी ठरवावं. तुला दोरा बांधायचा नसेल तर हात जोडून बस, भन्तेजी रागावणार नाहीत. बांधलास तर भिजून मळला की सरळ कात्रीनं काप. आणि काकाला सांग, पिंपळाची पानं शनिवारी संध्याकाळीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी घाईत आणायला गेलं की कुणीतरी अख्खी फांदीच मोडून आणतं.

तुझा,
बाबा