वाचकांचे प्रश्न : ल्यूपस आणि पोटाच्या तक्रारी

प्रश्न : माझे वय 34 असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी ल्यूपसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचे, निदान झाले. मूत्रपिंडांना सूज आल्यामुळे तीन महिन्यांपूर्वी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले. ल्यूपससाठीची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड आधीपासूनच चालू होते. गेले दोन महिने दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होते. शाळेत पहिल्या दोन तासिका संपेपर्यंत मी भीतीने पाणीसुद्धा पीत नाही. सासूबाई म्हणतात, गोळ्या उष्ण पडल्या आहेत, थोडे दिवस बंद ठेव. मी दूध आणि पोळी सोडली असून सध्या गुळवेलीचा काढा घेते. ल्यूपस आता आतड्यात उतरला आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाची माहिती म्हणजे त्यातील तारखा. नवे औषध तीन महिन्यांपूर्वी सुरू झाले आणि त्यानंतर महिनाभराने पोट बिघडले, हा क्रम पाहता पहिला संशय मायकोफेनोलेटवर घ्यावा लागतो, कारण जुलाब हा त्याचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे. ल्यूपसच्या रुग्णाच्या पोटाच्या तक्रारींचे मूळ आजारापेक्षा औषधांत किंवा जंतुसंसर्गात सापडण्याचे प्रसंग अधिक येतात, असे हा आजार रोज पाहणारे डॉक्टर सांगतील. तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हेच औषध आपली मूत्रपिंडे सांभाळत आहे, आणि ते थांबल्यावर मूत्रपिंडांची सूज कोणताही त्रास न जाणवता वाढू शकते. लघवीतील प्रथिने वाढल्याचे अनेकदा तपासणीतच कळते.

संधिवाततज्ज्ञांकडे यावर मार्ग आहेत. दिवसाची मात्रा दोनऐवजी तीन-चार भागांत विभागता येते, काही काळ कमी करून पुन्हा हळूहळू वाढवता येते, किंवा याच औषधाचा आतड्यात विरघळणारा प्रकार देता येतो. या दुसऱ्या प्रकारातील 720 मिलिग्रॅम हे पहिल्यातील साधारण 1000 मिलिग्रॅमच्या बरोबरीचे असतात, त्यामुळे औषधाच्या दुकानात आकडा पाहून अदलाबदल करू नये. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली पित्तशामक औषधे मायकोफेनोलेटसोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. पित्ताची गुलाबी बाटली घरात सर्रास असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही मळमळ आणि पातळ शौच होते. ती गोळी जेवणासोबत घ्यावी आणि तिची दैनंदिन मात्रा वजनाच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत आहे ना, हे विचारून घ्यावे. आपले वजन 46 किलो असेल आणि रोज 200 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चालू असतील, तर हा प्रश्न पुढच्या भेटीत पहिला विचारावा.

औषधावर ठपका ठेवण्यापूर्वी शौचाची तपासणी मात्र झालीच पाहिजे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीला अमिबा, साल्मोनेला आणि कृमींचा त्रास अधिक होतो, शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागत असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. संकोचाने हीच माहिती मागे राहते. जुलाब थांबवणारी गोळी संसर्ग नाही हे ठरेपर्यंत घेऊ नये. पावले सुजत असतील आणि लघवीतून प्रथिने फारशी जात नसूनही रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेले असेल, तर प्रथिने आतड्यातून गळत आहेत का, हे पाहावे लागते. हा प्रकार विरळा असला, तरी तो खरोखर ल्यूपसचा असतो.

पोळी सोडण्याची घाई झाली, असे वाटते. गव्हाचे प्रथिन न सोसण्याचा सीलिॲक आजार अशा रुग्णांत कधी कधी आढळतो, परंतु त्याची रक्ततपासणी गहू आहारात असतानाच विश्वासार्ह ठरते. तेव्हा पोळी पुन्हा सुरू करून, काही आठवड्यांनी ती तपासणी करवून घ्यावी आणि मग निर्णय घ्यावा. दूध काही दिवस थांबवणे ठीक आहे. ताक आणि दही बहुतेकांना सोसते. पाणी न पिता वर्गावर उभे राहणे मात्र मूत्रपिंडांच्या दृष्टीने फार महागात पडेल. मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन पहिली तासिका बदलून घ्यावी आणि ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून, बाटलीत सोबत ठेवावी.

गुळवेलीबद्दल कठोर लिहावे लागेल. ल्यूपसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते, तिला ‘वाढवणारा’ काढा कशासाठी घ्यायचा? मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्या इजेचे स्वरूप स्वप्रतिकारक यकृतदाहासारखे, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्यासारखे, होते. काढा आजच बंद करावा, आणि तो घेत होतो हे डॉक्टरांना सांगावे. सासूबाईंची काळजी खरी आहे. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्यावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला ल्यूपस आहे. मध्यरात्री पोटात असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या भिंतीला सूज निघाली आणि शिरेतून स्टिरॉईड दिल्यावर दोन-तीन दिवसांत आराम पडला. हे पुन्हा होईल का?

उत्तर : वर्णनावरून हा ल्यूपसमुळे झालेला आतड्याचा दाह दिसतो. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना सूज येते आणि भिंत पाण्याने फुगते; रंगद्रव्य टोचून काढलेल्या सीटीत ती एकात एक वर्तुळांसारखी, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसते. वेळेवर स्टिरॉईड मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना पुन्हा झटका येतो, म्हणून औषधांची मात्रा झपाट्याने उतरवू नये. रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती दाखवणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी, कारण आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर दुखणे असेच असते आणि उपचार मात्र वेगळा.

त्या रात्री ज्यांनी इंजेक्शन दिले, त्यांना दोष देण्यापेक्षा एक गोष्ट समजून घेऊ या. प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रुग्णाचे पोट आतून बिघडलेले असूनही वरून दाबल्यावर मऊ लागू शकते आणि तापही चढत नाही. आतड्याला छिद्र पडले तरी नेहमीची लक्षणे झाकली जातात. म्हणून पत्नीच्या पर्समध्ये आजाराचे नाव आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी व ती केसपेपर काढतानाच दाखवावी. चार-सहा तासांत न थांबणाऱ्या कळा, पोट फुगून वारा न सरणे, शौचातून रक्त किंवा चक्कर, यांपैकी काहीही झाल्यास सीटीची सोय असलेले रुग्णालयच गाठावे. उलट्यांमुळे प्रेडनिसोलोन पोटात टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. अनेक महिने बाहेरून स्टिरॉईड मिळालेल्या शरीराला स्वतःचे पुरेसे बनवता येत नाही, रक्तदाब कोसळतो, आणि अशा वेळी ते इंजेक्शनने द्यावे लागते.

प्रश्न : ल्यूपसमध्ये मोड आलेले धान्य वर्ज्य आहे, असे वाचले. तसेच लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून शौच काळे होते, त्याची भीती वाटते.

उत्तर : वर्ज्य आहे ते अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात तो लसूणघास. त्यातील कॅनाव्हनिन या घटकाने ल्यूपस चाळवू शकतो, आणि त्याची भुकटी व गोळ्या ‘ताकदीसाठी’ विकल्या जातात. मटकी-मुगाची उसळ खुशाल खावी, फक्त मोड कच्चे न खाता शिजवून घ्यावेत. लोहाने शौच काळपट-हिरवे होणे अपेक्षितच आहे. मात्र ते डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असेल, विशेषतः सांधेदुखीसाठी स्टिरॉईडसोबत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले असेल, तर जठरातून रक्तस्राव होत असल्याचे धरून त्याच दिवशी रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.