शेजारचं स्टेशन डोक्यावर बसतंय? आधी एवढं करा

हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) नवा परवाना, नवा सेट आणि संध्याकाळी ४० मीटर बँडवर (७ ते ७.२ मेगाहर्ट्झ) नुसता गोंगाट. हे आमच्याही वाट्याला आलंय. सेट बिघडलेला नाही, घाबरू नका.

नव्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे दूरचा आवाज बारीक येतो म्हणून प्रीॲम्प (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) लावणं. शेजारच्या गल्लीतला हॅम १०० वॉटवर बोलत असेल, तर त्याच्या सिग्नलनेच तुमचा रिसीव्हर गुदमरलेला असतो. प्रीॲम्प त्यात भर घालतो. म्हणून उलट करा:

१. प्रीॲम्प बंद, ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) चालू. एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, खाली येईल, येऊ द्या. ऐकायला स्वच्छ येतंय का, तेवढंच बघा.
२. आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी करा, आवाज एएफ गेनने (स्पीकरच्या आवाजाच्या बटणाने) वाढवा.
३. नॉइज ब्लँकर (खरखरीचे ठोके कापणारी सोय) बंद. तो चालू असला की शेजाऱ्याचा चांगला सिग्नलही पसरलेला वाटतो आणि आपण विनाकारण त्याला बोल लावतो.
४. एसएसबीचा (सिंगल साइडबँड, बोलण्याचा नेहमीचा मोड) फिल्टर २.४ वरून १.८ किलोहर्ट्झवर आणा.

रात्री ७.२ मेगाहर्ट्झच्या अगदी कडेला बसू नका, पलीकडे प्रसारण केंद्रं आहेत. थोडं खाली सरका.

एवढं करूनही त्रास राहिला तर शेजाऱ्याला फोन करा, रेडिओवर भांडू नका. "दादा, माइक गेन जरा बघता का?" असं विचारा, म्हणजे माइकची पातळी जास्त तर नाही ना, ते तो बघेल. बहुतेक जण लगेच बघतात. रोटेटर, बँडपास फिल्टर वगैरे नंतर बोलू. आधी आठवडाभर हे करून कळवा.