नळी गेली की नुसती मळली?

पडून असलेल्या शिकारी रायफलींबद्दलची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. कोणत्याही तपासणीआधी बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी करा आणि बोट घालूनही करा. पुढचे सारे त्यानंतर.

प्रश्न: घरात .३०-०६ (हे काडतुसाचे नाव) ची बोल्ट रायफल आहे. पंधरा वर्षे तिच्यातून एकही गोळी झाडलेली नाही. उजेडाकडे धरून पाहिले तर नळी आतून काळपट दिसते. एक जाणकार म्हणतो विकून टाका, दुसरा म्हणतो नळी बदला. काय करावे?

दोघांनीही निकाल जरा लवकर दिला. आधी गोळ्यांचा हिशेब मांडा. शिकारी रायफलीतून वर्षाला वीस गोळ्या गेल्या असे धरले, तरी तीस वर्षांत सहाशे होतात. .३०-०६ किंवा .३०८ ची नळी शिकारीच्या कामाला तीन-चार हजार गोळ्या आरामात पुरते. नळी खरोखर लवकर झिजते ती बारीक गोळीमागे भरपूर दारू जाळणाऱ्या काडतुसांची: .२४३ साधारण दीड ते अडीच हजार, .२६४ विंचेस्टर मॅग्नम हजाराच्या आसपास. त्यामुळे तुमची नळी झिजलेली असण्याची शक्यता कमी, गंजलेली किंवा मळलेली असण्याची जास्त. हा फरक साफ केल्याशिवाय कळत नाही.

साफसफाई चेंबरच्या बाजूने करा, अखंड गजाने आणि बोअर गाइड (गज नळीच्या मधोमध ठेवणारी नळकांडी) लावून. तोंडाकडून गज घातला तर तो कडेला घासतो आणि चांगली नळी साफ करतानाच बिघडते. आधी दोन कोऱ्या चिंध्या फिरवा. वाळून घट्ट झालेले जुने तेल त्यांच्यावर तपकिरी येईल. मग कार्बन काढणारे सॉल्व्हेंट लावून ब्राँझच्या ब्रशचे दहा-पंधरा फेरे मारा आणि पुसून घ्या. त्यानंतर तांबे काढणारे सॉल्व्हेंट लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि पांढरी चिंधी ओढा. चिंधी निळी-हिरवी आली तर ते गोळीच्या आवरणाचे तांबे. निळे येणे थांबेपर्यंत हेच करत राहा. एक फसगत इथे नेहमी होते: गजाच्या टोकाचा जॅग, म्हणजे चिंधी धरणारा तुकडा, पितळी असेल तर तोच विरघळून चिंधी निळी करतो आणि माणूस दिवसभर नळी घासत बसतो. तांब्याच्या फेरीला प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश वापरा. अमोनियाचे सॉल्व्हेंट रात्रभर आत ठेवू नका, त्याने पोलादावर ओरखडल्यासारखे डाग पडतात.

रायफलीत पूर्वी जुनी लष्करी काडतुसे वापरली असतील तर सर्वांत आधी गरम पाणी. त्यांच्या प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतले पाणी ओढतो आणि त्याखाली नळी गंजते. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तेल लावून ठेवलेल्या नळ्याही गंजलेल्या निघतात त्या यामुळे.

आता पुन्हा पाहा, शक्यतो बोअरस्कोपने (नळीच्या आत पाहण्याची दुर्बीण). बोअरस्कोप प्रत्येक नळी भयंकर दाखवतो, तेव्हा घाबरू नका. तीन गोष्टींवर नजर ठेवा. नळीभर सारखा करडा, खरखरीत रंग असेल तर ती नळी बहुधा अजून चांगली मारते. चेंबर संपून पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) सुरू होतात त्या थ्रोटमध्ये वाळलेल्या चिखलासारख्या भेगा आणि पिळांच्या झिजून गोल झालेल्या कडा दिसल्या, तर ती उष्ण वायूंनी झालेली खरी झीज. आणि नळीत कुठेही गडद कडे दिसले, बाहेरून बोट फिरवताना त्याच जागी उंचवटा लागला, तर आत काही अडकलेले असताना कधीतरी गोळी झाडली गेली आहे. अशा नळीतून पुन्हा गोळी झाडायची नाही. तिथे चर्चा संपली.

गंजाचे खड्डे फक्त तोंडाच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतील तर तेवढा तुकडा कापून कड नव्याने कातून घेता येते. .३०-०६ मध्ये नळी अडीच सेंटिमीटरने घटली की गोळीचा वेग सेकंदाला साधारण ६ ते ८ मीटरने उतरतो, म्हणजे शिकारीत जाणवणारही नाही. नळीच्या किमान लांबीचा नियम मात्र आधी पाहा.

खड्डे नसतील, तर कारागिराकडून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासून घ्या आणि १०० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. दोन गटांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. एक एमओए (अंशाचा साठावा भाग, नेमकेपणाचे माप) म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. गट (सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर) ४५ ते ६० मिलिमीटरमध्ये बसत असतील तर नळी बदलण्याचे कारण उरत नाही. ठेवायची की विकायची एवढाच प्रश्न राहतो, आणि तो तुम्ही ती वापरणार का यावर ठरतो. खरखरीत नळीचे गट दहा-पंधरा गोळ्यांनंतर फाकतात, कारण तांबे लवकर चढते. निशाणेबाजाला हे चालणार नाही. शिकाऱ्याला पहिल्या तीन गोळ्यांशी मतलब असतो.

प्रश्न: .२७० रायफलीचे गट १०० मीटरवर दहा सेंटिमीटरचे झाले आहेत. पूर्वी चारमध्ये बसत. नळी संपली असे सांगितले गेले. खरे असेल?

असेल, पण हा शेवटचा संशय. आधी स्कोपच्या माउंटचे आणि रिंगांचे स्क्रू पाहा. रिंगांना साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात. मग दस्त्याचे स्क्रू. लाकडी दस्ता ऋतूंप्रमाणे फुगतो-आक्रसतो आणि स्क्रू सैल पडतात. नुसत्या लाकडावर ४ ते ५ न्यूटन-मीटर, आत धातूचे पिलर असतील तर सातच्या आसपास. पुढचा स्क्रू आधी. नंतर जाड कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवा. नळी मोकळी ठेवलेली असूनही पट्टी एका बाजूला अडत असेल तर लाकूड वाकून नळीला टेकले आहे. काही रायफलींमध्ये टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तो पाहताक्षणी तासून काढू नका. पुढे नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहा; तिथला एक टोचा गोळीमागून सुटणारा वायू एका बाजूला ढकलतो. शेवटी खात्रीचा दुसरा स्कोप लावून आणि दुसऱ्या कंपनीची काडतुसे घेऊन एकदा मारा. एवढे करूनही गट दहाचाच राहिला, तर नळीचा विचार करा.

प्रश्न: .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का सोसवत नाही, म्हणून ती पडून आहे. नळी बदलून ६.५ क्रीडमूर करता येईल का?

करता येईल, पण हा उलटा प्रवास महागात पडतो. काडतुसाची बैठक बोल्टच्या तोंडात बसते. मॅग्नमच्या बोल्टचे तोंड सुमारे १३.५ मिलिमीटरचे, क्रीडमूरची बैठक १२ मिलिमीटरची. तोंड कातून मोठे करता येते, लहान करता येत नाही. म्हणजे दुसरा बोल्ट आला, तो बसवणे आले, मॅगझिन आणि काडतूस वर सरकवणारे रेल यांचे काम आले. एवढ्यात ही रायफल विकून क्रीडमूरचीच घेणे शहाणपणाचे.

हीच रायफल ठेवायची असेल तर त्याच तोंडात बसणारे काडतूस निवडा. ६.५ पीआरसी बसते आणि त्याचा धक्का .३०८ च्या आसपास किंवा थोडा कमी आहे. पण त्याचे शरीर जाड आणि लांबी कमी, त्यामुळे मॅगझिनमधून नीट चढते की नाही हे रिकाम्या नमुना-काडतुसांनी आधी पाहायला हवे. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम सहज होते, फक्त धक्क्यात फार फरक पडत नाही.

नळीला हात लावण्यापूर्वी दस्ता मापून पाहा. दस्ता लांब असला की माणूस मान पुढे ताणतो आणि धक्का गालाला व खांद्याच्या टोकाला लागतो. चांगला रबरी पॅड आणि योग्य लांबी एवढ्यावरच काहींची तक्रार मिटते.

प्रश्न: जुनी ८ मिमी माउझर मिळाली आहे. नवीन नळी घालण्याजोगी आहे का?

१८९८ च्या माउझरचे रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग) आजही नव्या नळ्यांसाठी वापरले जाते. पण आधी आहे ती नळी ओळखा. ८×५७ मध्ये (हेच ८ मिमी माउझरचे काडतूस) दोन व्यास आहेत: जुन्या ‘जे’ प्रकारच्या नळीची गोळी .३१८ इंचाची, १९०५ पासूनच्या एस गोळीचा व्यास .३२३ इंच. मोठी गोळी लहान नळीतून गेली तर दाब धोकादायक चढतो. ठशांवर विसंबू नका. कारागीर शुद्ध शिशाची गोळी नळीतून सारून तिचा व्यास मोजतो, चेंबरचाही साचा काढतो. तोवर एकही गोळी झाडू नका.

नळी बदलायला रिसीव्हर लायक हवे, हा नियम प्रत्येक जुन्या रायफलीला लागू. १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालचे क्रमांक उष्णता-प्रक्रियेतील दोषामुळे ठिसूळ मानले जातात. त्यांना नवी नळी घालणे म्हणजे धोक्याला नवे कपडे.

काम देताना कारागिराला चार गोष्टी विचारा. जुनी नळी निघत नसेल तर काय करणार? योग्य उत्तर: टाकायचीच असेल तर रिसीव्हरच्या पुढे लेथवर खाच कातून ताण सोडवणार. पाइप पान्याचे नाव निघाले तर रायफल घेऊन परत या, रिसीव्हर पिळला जातो. दुसरे, पिळाचा वेग कोणत्या वजनाच्या गोळीसाठी? १९५५ ची .२४४ रेमिंग्टन १२ इंचांत एक फेरा या पिळामुळे १०० ग्रेनची गोळी भरवशाने स्थिर ठेवू शकत नव्हती आणि मागे पडली, त्याच वर्षीची.२४३ विंचेस्टर १० इंचांच्या पिळावर चालली. तिसरे, नव्या नळीची जाडी दस्त्याच्या खाचेत बसते का? चौथे, हेडस्पेस कसे तपासणार? बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन काढून, ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि ‘नो-गो’वर नको. .३०८ मध्ये या दोन गेजांत फरक अवघा ०.१ मिलिमीटर आहे. चूक याहून बरीच मोठी झाली तर काडतुसाचे कवच बुडाच्या वर चकाकते कडे दाखवू लागते आणि पुढे तिथेच तुटू शकते.

कॅलिबर बदलणार असाल तर परवान्यावरील नोंद आधी, नळी नंतर. सीआयपी या बंदुकांच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सदस्य देशांत नळी बदलल्यावर प्रूफ चाचणी (जादा दाबाच्या काडतुसाने केलेली मजबुतीची चाचणी) पुन्हा करावी लागते.

प्रश्न: विकण्यापूर्वी नवी नळी घातली तर जास्त किंमत येईल का?

नाही. घेणाऱ्याला त्याच्या आवडीची नळी हवी असते, तुमच्या नव्हे. विंचेस्टर मॉडेल ७० सारखी, आणि त्यातही १९६४ पूर्वीची रायफल असेल तर मूळ नळी, मूळ काळेपणा आणि न पाडलेली भोके यांनाच किंमत असते. पॉलिश करून नवे ब्लूइंग (धातूवरचा काळपट-निळा थर) दिले की अक्षरांच्या कडा गोलावतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. गंज फक्त तेल आणि अतिबारीक स्टीलवूलने हलक्या हाताने काढा. नळी पूर्वीच बदललेली असेल आणि जुनी सापडली, तर ती रायफलीबरोबर द्या.

प्रश्न: ठेवायचे ठरवले तर कशी ठेवावी?

चामड्याच्या म्यानात नाही. चामडे ओल धरते. आर्द्रता ४० ते ५० टक्के, तेलाचा थर पातळ. जास्त तेल खाली उतरून दस्त्याचे लाकूड मऊ करते, म्हणून तोंड खाली करून ठेवली तर बरे. बोल्टच्या आतले जुने ग्रीस धुऊन काढा. ते घट्ट झाले की फायरिंग पिन मंदावते आणि काडतूस पेटत नाही. पुन्हा वापरण्याआधी नळीतून कोरडी चिंधी ओढायला विसरू नका: तेल राहिलेल्या नळीची पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर जाते, आणि तेल भरपूर असेल तर दाबही वाढतो.